ऊस दरामुळं नाही, शेतात माणूस नाही म्हणून टिकलाय : कोल्हापूरकरांनो, तुमच्या भागात काय चाललंय?

बांधावरचा (करवीर)

नमस्कार मंडळी. गेले काही दिवस इथं ऊसदरावर बरीच चर्चा झाली, एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा किमान कायदेशीर दर), पहिली उचल, दुसरा हप्ता. ते बोललंच पाहिजे, पण मला जरा वेगळी गोष्ट मांडायची आहे म्हणून नवीन धागा काढतोय.

टीव्हीवर, पेपरात, व्हॉट्सअ‍ॅपवर एक वाक्य सारखं येतं की कोल्हापूरचा शेतकरी आळशी आहे, ऊस लावतो आणि निवांत बसतो, पीक बदलत नाही. मला हे अजिबात पटत नाही. आमचं गाव भोगावतीच्या काठाला. गल्लीत प्रत्येक घरातला एक तरी माणूस गोकुळ शिरगावला नाहीतर शिरोली एमआयडीसीत आहे, काही कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीला जातात. मी स्वतः फौंड्रीत शिफ्टला आहे. जमीन सव्वा एकर, तीपण दोन तुकड्यांत, एक नदीकडं आणि एक माळाला. आता सांगा, आठ तास शिफ्ट, जाऊन-येऊन दोन तास, त्यात आठवड्याला शिफ्ट बदलते, मग टोमॅटो-ढबू कोण करणार? भाजीला रोज माणूस लागतं, औषध वेळेत मारावं लागतं, तोडा झाला की त्याच रात्री माल मार्केटला पोचवावा लागतो. ऊस हे एकच पीक आहे जे सुट्टीच्या दिवशी बघितलं तरी चालतं. पाण्याची पाळी, खताचे डोस, भांगलण (तण काढणं), भरणी (बुडाला माती लावणं), आणि मग तोड येईपर्यंत वाट बघायची.

म्हणजे माझं म्हणणं असं की ऊस भावामुळं टिकलेला नाही, घरात शेतात जायला माणूस उरला नाही म्हणून टिकलाय. घर चालतं ते पगारावर आणि दर दहा दिवसाच्या दूध बिलावर. उसाचे पैसे वर्षातनं एकदा येतात ते सोसायटीच्या पीककर्जाला, पोरांच्या फीला, स्लॅबला जातात. असं असेल तर "पीक बदला" हा सल्ला देणाऱ्यांनी आधी सांगावं की ते पीक करणार कोण.

आपल्या जिल्ह्यात शिरोळ वेगळं, चंदगड वेगळं, गगनबावडा तर फारच वेगळं. म्हणून विचारतोय, तुमच्यात काय परिस्थिती आहे?

शेतीअण्णा

चांगला विषय काढलास. मी कृषी खात्यात कृषी सहायक होतो, रिटायर झालो, आता घरची शेती बघतो.

आधी हिशेब मांडतो कारण नुसतं परवडत नाही म्हणून भागत नाही. २०२५-२६ ची एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये, पण ती १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातनं सव्वादहा किलो साखर निघाली तर. त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. आपल्या भागातला उतारा राज्यात चांगला, १२ टक्के धरू. म्हणजे १.७५ टक्के जास्त, त्याचे साडेसतरा पॉइंट, ६० रुपये ५५ पैसे. एकूण ४१५ रुपये ५५ पैसे, टनाला ४१५५. त्यातनं तोडणी-वाहतूक जाते, साडेआठशे-नऊशे धरा, हातात उरतात ३२५० ते ३३०० च्या आसपास. एकरी ४० टन निघाला तर एक लाख तीस-बत्तीस हजार. नांगरट, बियाणं, खत, पाणीपट्टी, भांगलण, भरणी सगळं मिळून साठ-पासष्ट हजार गेले तर उरले तेवढेच. आडसाली (पावसाळ्यात लावलेला) ऊस सोळा-सतरा महिने रानात उभा असतो. महिन्याला भागिले तर एकराला चार हजाराच्या आसपास. त्यात तुझा स्वतःचा रोजगार धरलेला नाही.

आता एक गोष्ट जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पायाभूत उतारा आधी ९.५ होता, २०१८-१९ ला १० केला, २०२२-२३ ला १०.२५. एफआरपी वाढली म्हणून बातमी येते पण पाया वर सरकला की आपल्यासारख्या जास्त उताऱ्याच्या भागाचं नुकसान जास्त. २०२५-२६ चाच पॉइंटचा दर धरला तरी ९.५ आणि १०.२५ मध्ये टनाला अडीचशेच्या वर फरक पडतो. आणि दुसऱ्या बाजूला साखरेची किमान विक्री किंमत २०१९ च्या फेब्रुवारीत ३१ रुपये केली आणि मग वर्षानुवर्षं तिथंच ठेवली, तेवढ्या काळात एफआरपी २७५ वरनं ३५५ वर गेली. कारखान्याची ओढाताण होते ती खरी आहे, पण ती शेवटी आपल्याच अंगावर ढकलली जाते. एफआरपी दोन तुकड्यांत द्यायचा २०२२ चा शासन निर्णय हायकोर्टानं २०२५ मध्ये रद्द केला, ती लढाई शेतकऱ्यांनी लढली म्हणून झालं. नियम तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे की तोडल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज. व्याज किती जणांना मिळालंय ते आपापल्या गावात विचारा.

तुझ्या मुद्द्याशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. ऊस टिकायचं दुसरं कारण म्हणजे तो विकायची चिंता नाही. दर कमी-जास्त असेल, तोड उशिरा येईल, पण माल परत घरी आणावा लागत नाही. सोयाबीन-भुईमुगाला ही खात्री कुणी दिली?

हिंजवडीकर (मूळ राधानगरी)

अण्णा, आकडे वाचून खरंच धक्का बसला. मी पुण्यात आयटीत आहे, गावाकडं वडील आणि काका. माझा प्रश्न असा की ऊस इतका कमी देतो तर ठिबक, कमी क्षेत्र, आणि उरलेल्या रानात काहीतरी वेगळं असं का होत नाही? यूट्यूबवर ड्रॅगन फ्रूट, पॉलिहाऊस, एक्झॉटिक भाजी असं बघतो, आपल्याकडं पाणी आहे, पुणे-मुंबई-गोवा मार्केट जवळ आहे. राधानगरी धरण ज्या राजानं शंभर वर्षांपूर्वी सुरू केलं त्याच जिल्ह्यात आपण पाण्याचा असा वापर करतोय याचं वाईट वाटतं, म्हणून विचारतोय, दोष द्यायला नाही.

शेतीअण्णा

वाईट वाटणं बरोबर आहे. पण ठिबकाचं ऐक. छोट्या शेतकऱ्याला ८० टक्के अनुदान आहे, कागदावर अडचण नाही. अडचण आहे ती पाणी येतं कसं यात. आपल्यात निम्म्या गावांचं पाणी उपसा योजनांतनं येतं, सहकारी पाणीपुरवठा संस्था नाहीतर चार-पाच जणांनी मिळून टाकलेली पाइपलाइन. पाळी दहा-बारा दिवसांनी, कधी पंधरा. ठिबकाला रोज नाहीतर एक दिवसाआड थोडं थोडं पाणी लागतं. मग मध्ये शेततळं नाहीतर टाकी पाहिजे, आणि ज्याची जमीनच वीस गुंठे तो त्यातले दोन गुंठे तळ्याला कसा देणार? ज्या संस्थांनी अख्ख्या योजनेवरच ठिबक बसवलं तिथं चाललं. एकट्यानं करायची ही गोष्ट नाही. आणि पाणीपट्टी एकरावर आहे, पाणी किती वापरलं त्यावर नाही, मग वाचवून फायदा काय असं माणूस म्हणणारच.

पॉलिहाऊसला भांडवल आणि रोजचा माणूस दोन्ही लागतं. तुझे वडील-काका करतील का, वयानं?

कागलची लेक

मी बरेच दिवस नुसतं वाचते, आज लिहायचं ठरवलं कारण दूध बिलाचा विषय निघाला.

दादांनी लिहिलंय घर पगारावर आणि दूध बिलावर चालतं. बरोबर आहे. पण ते दूध काढतं कोण ते कुणी लिहिलं नाही. आमच्या घरी तीन म्हशी, त्यातल्या दोन दुधाच्या. पहाटे उठून शेण काढायचं, धारा काढायच्या, डेअरीला घालायचं, मग पोरांचे डबे, मग वैरण आणायला रानात, परत संध्याकाळी तेच. नवरा कंपनीत, सासरे थकलेत. वर्षातला एक दिवस सुट्टी नाही, माहेरी राहायला जायचं म्हटलं तरी म्हशीला कोण बघणार हा पहिला प्रश्न. गोकुळ १९६३ साली सुरू झालं, वारणा आहे, आपल्या जिल्ह्यात दुधाचा पैसा गावोगाव पोचला हे खरंच मोठं काम झालं आणि मी त्याला नावं ठेवत नाही. पण संस्थेचं सभासदत्व सासऱ्यांच्या नावावर, बिल त्यांच्या खात्यावर, दिवाळीचा दर फरकपण तिथंच. माझ्या नावावर म्हैसपण नाही आणि सातबाराही नाही. असं एकटीचं नाही, आमच्या गल्लीत बहुतेक घरी हेच आहे.

आणि शेतात बायका येत नाहीत, लाडक्या बहिणीचे पंधराशे मिळाल्यापासनं कामाला कुणी मिळत नाही असं जे सगळीकडं बोलतात त्याचा मला राग येतो. पंधराशेत महिना निघतो का? बायका येत नाहीत कारण एमआयडीसीतल्या कंपन्यांची गाडी गावात येऊन नेते, सावलीत काम, महिन्याला पगार, काही ठिकाणी पीएफ. भांगलायला दिवसभर उन्हात वाकून तीनशे-साडेतीनशे. मी तरी कुठं गेले असते? म्हशी नसत्या तर मीपण कंपनीतच गेले असते.

बांधावरचा (करवीर)

ताई, तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे, माझ्या घरीही हे सगळं आई आणि बायकोच करतात. आमच्या संस्थेनं गेल्या काही वर्षांत बायकांच्या नावावर सभासद करून घ्यायला सुरुवात केली आहे, अर्ज करून बघा, वार्षिक सभेच्या आधी केला तर विषय लवकर निघतो.

डबल ट्रॉली

मी ट्रॅक्टरवाला, ऊस वाहतूक करतोय. ऊस निवांत बसून येतोय म्हणणाऱ्यांनी एक सीझन माझ्याबरोबर फिरावं.

ऊस तोडणाऱ्या मजुरांची टोळी बीडकडनं येती. पावसाळ्यातच टोळीच्या मुकादमाला उचल म्हणजे आगाऊ पैसे द्यावे लागत्यात, कारखाना आम्हाला अ‍ॅडव्हान्स देतोय पण करार आमच्या नावावर, जामीन आम्ही, ट्रॅक्टरपण कर्जाचा. मुकादम पैसे घेऊन आलाच न्हाई तर ते सगळं आमच्या डोक्यावर. माझ्या ओळखीत लई जणांचं असं झालंय, पोलीस केस करून काय मिळत न्हाई, मुकादमाच्या गावात जाऊन बसा, हात हालवत परत या. दुसऱ्या बाजूनं त्या टोळीची माणसं बघितली की त्यांच्यावर रागपण धरवत न्हाई, कोप्यात (पाचटाच्या झोपडीत) लहान पोरं, पहाटे तीनला थंडीत रानात, बाई पोटुशी असली तरी मोळी उचलती. त्यांची पोरं आता शिकायलीत, ऊस तोडायला येणार न्हाईत, आणि का यावं. दरवर्षी टोळ्या कमी यायल्यात. त्यामुळं शेतकऱ्याकडनं टोळीला खुशाली, ड्रायव्हरची एंट्री, असे वरचे पैसे घ्यायच्या गोष्टी वाढल्यात, शेतकरी वैतागतोय ते मला दिसतंय, पण तोड लांबली तर ऊसाला तुरा येतोय, वजन उतरतंय, मग तो देऊन मोकळा होतोय.

आता हार्वेस्टर आलाय. पण त्याला सरी साडेचार-पाच फुटाची लागती, आपल्याकडं तीन-साडेतीन फुटाच्या सऱ्या. आणि दहा-पंधरा गुंठ्याच्या तुकड्यात ते मशीन वळणार कुठं? बांधावर नारळ, मध्ये विहीर. कारखाना पाचटापोटी वजनातनं टक्केवारी कापतोय ते वेगळंच. तरीपण पाच-सात वर्षांत मशीनशिवाय पर्याय ऱ्हाणार न्हाई.

कागलची लेक

दादा, हार्वेस्टरचं एक कुणी बोलत नाही. मशीननं तोडला की वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, मिळत नाही. सगळा शेंडा बारीक होऊन रानात पडतो. टोळी तोडते तेव्हा वाढ्याच्या पेंढ्या मिळतात, नोव्हेंबरपासनं मार्चपर्यंत आमच्या म्हशींचं निम्मं पोट त्यावर भरतं. गेल्या सीझनला आमच्या शेजारच्या सगळ्या पट्ट्यात मशीन आलं तर वैरण विकत घ्यावी लागली आणि दूध बिलातला फायदा त्यातच गेला. ऊस आणि दूध हे दोन वेगळे धंदे नाहीत आपल्यात, एकाचा कचरा दुसऱ्याची वैरण आणि दुसऱ्याचं शेण पहिल्याचं खत. मशीन मध्ये आलं की ही जोडी तुटते.

शेतीअण्णा

ताई, हा मुद्दा मी आजवर कुठल्याही बैठकीत ऐकलेला नाही आणि तो अगदी बरोबर आहे. मुरघास हा एक मार्ग आहे, मका दोन-तीन गुंठे करून बॅगेत भरून ठेवायचा, पण परत तेच, जमीन आणि हात.

शिरोळचा क्षारपड

आमच्याकडची गोष्ट तुम्हा करवीर-कागलवाल्यांपेक्षा वाईट आहे. शिरोळ तालुका म्हणजे कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा सगळं पाणी आमच्याकडं उतरतं. काळी भारी जमीन, सपाट, निचरा नाही. माझ्या आजोबांच्या काळात उसाला पाणी आलं तेव्हा सोनं पिकलं, एकरी साठ-सत्तर टन सहज. मग पाण्यावर पाणी, खतावर खत. माझ्या वडिलांच्या डोळ्यांदेखत रान पांढरं पडत गेलं, आधी खालच्या कोपऱ्यात ऊस पिवळा, मग उगवणच नाही, मग नुसतं लव्हाळं. हजारो एकर अशी पडून आहे तालुक्यात. सातबाऱ्याला जमीन आहे, पिकाला नाही. आणि त्यातली माणसं आज इचलकरंजीत यंत्रमागावर नाहीतर जयसिंगपुरात दुकानात कामाला आहेत, स्वतःची चार एकर असून.

वर महापूर. २००५, २०१९, २०२१. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट धोका पातळी, २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. ऊस आठ-दहा दिवस पोंग्यापर्यंत बुडाला की कुजतो, पण दुसरं कुठलंही पीक दोन दिवसात जातं, म्हणून पूरपट्ट्यात परत ऊसच. इथं तर "पीक बदला" हे म्हणणंच अवघड आहे. अलमट्टी धरणाची उंची ५१९ वरनं ५२४ मीटर करायचं कर्नाटकचं चाललंय त्याची आमच्यात झोप उडालीय, आणि महामार्गाचे भराव घातले की पाणी अडतं हे आम्ही दर पुरात बघतो. शक्तिपीठ महामार्गाला आमचा विरोध नुसता जमीन जाते म्हणून नाही, उरलेल्या जमिनीत पाणी किती दिवस तुंबणार याचीही भीती आहे.

एक चांगलं सांगतो. आमच्या इथं दत्त कारखान्यानं पुढाकार घेऊन क्षारपड सुधारणा केली आहे, जमिनीखाली चार-पाच फुटांवर सच्छिद्र पाइप टाकायचे, त्यातनं खारं पाणी मुख्य पाइपला, तिथनं ओढ्याला. जिथं लव्हाळं होतं तिथं परत ऊस उभा आहे, मी स्वतः रोज त्या रस्त्यानं जातो.

बांधावरचा (करवीर)

दादा, हे जरा इस्कटून सांगा. आमच्या नदीकडच्या रानातपण खालच्या बाजूला पांढरं दिसायला लागलंय. एकट्यानं करता येतं का?

शिरोळचा क्षारपड

एकट्यानं नाही जमत, तिथंच खरी मेख आहे. तुमच्या रानातलं पाणी खालच्या शेतकऱ्याच्या रानातनं ओढ्यापर्यंत न्यावं लागतं, म्हणजे त्यानं पाइप जाऊ दिला पाहिजे. वरचा पाटानं भसाभसा पाणी सोडत राहिला तर तुमचा निचरा करून उपयोग नाही. म्हणून अख्ख्या पट्ट्यातले शेतकरी एकत्र, आधी माती-पाणी परीक्षण, मग सर्व्हे, चढ-उतार बघून आराखडा, मग कर्ज. आमच्यात भावकीतली भांडणं मिटवायला जेवढा वेळ गेला तेवढा पाइप टाकायला नाही लागला. तुमचं आत्ता नुसतं सुरू झालंय तर आधी माती तपासून घ्या, क्षारयुक्त आहे का चोपण ते कळू दे. चोपण असेल तरच जिप्सम, नाहीतर पैसे वाया. ताग नाहीतर धैंचा गाडा, पाणी कमी करा, खोडव्याचं पाचट जाळू नका, आणि लावण करताना उसाची २६५ ही जात घ्या, खाऱ्या रानात ८६०३२ पेक्षा ती जास्त तग धरते.

चंदगडी वारा

जिल्ह्याच्या टोकाला आम्हीपण आहोत बरं का. कोल्हापूरची शेती म्हटलं की ऊस आणि दूध एवढंच बोलतात. आमच्याकडं लाल माती, भरपूर पाऊस, भात, नाचणी, रताळी, काजू. रताळी बेळगावला जातात, आमचं मार्केट कोल्हापूरपेक्षा बेळगावच जवळ. पोरं गोव्यात हॉटेलात, बेळगावला कारखान्यात.

काजूनं आमच्याकडं खरंच बदल घडवला. वरकस जमीन, जिथं गवताशिवाय काही नव्हतं, तिथं वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ ची कलमं लावली, पाच-सहा वर्षांत उत्पन्न सुरू, आणि काजूला वर्षभर माणूस लागत नाही, मोहोराच्या वेळी फवारणी आणि मग दोन-अडीच महिने गोळा करणं. बांधावरच्या दादांच्या म्हणण्यात हे बसतं, मुंबईत नोकरी करणारापण काजू सांभाळू शकतो. तालुक्यात काजू फोडायचे कारखाने झाले, बायकांना गावात काम मिळालं. पण जानेवारीत धुकं-ढगाळ झालं की मोहोर करपतो, ढेकण्या ही कीड येते, आणि ऐन सीझनला आफ्रिकेतनं आलेली बी आमचा भाव पाडते. गोव्यात काजू बीला सरकार आधारभूत भाव देतं, हद्दीच्या पलीकडं आमच्याच नातेवाईकांना तो मिळतो.

आणि जनावरं. हत्ती कर्नाटकातनं आले ते आजरा-चंदगडात वीसेक वर्षं येऊन-जाऊन आहेतच, गवे तर कळपानं. एका रात्रीत ऊस लोळवून जातात. भरपाई मिळते पण पंचनाम्याच्या फेऱ्या आणि ज्या रात्री राखणीला बसायचं त्याची भरपाई नाही. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, जीआय मिळालेला, किती सुंदर वास, पण उत्पन्न कमी आणि उंच वाढून लोळतो, वर गव्याची भीती, म्हणून लोक घरापुरता करतात. डोंगरपट्ट्यात रानं पड पडायला लागली आहेत हे मला सगळ्यात जास्त लागतं. शिरोळमध्ये जास्त पाण्यानं पड, आमच्यात राखायला माणूस नाही म्हणून पड.

गुऱ्हाळघर (पन्हाळा)

माझा मुद्दा थोडका. ऊस कारखान्यालाच घालायचा असा नियम नव्हता. शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, कोल्हापुरी गूळ गुजरातपर्यंत जायचा, अजून जातो. माझ्या लहानपणी आमच्या पंचक्रोशीत संध्याकाळी कुठल्याही दिशेला बघा गुऱ्हाळाच्या चिमणीचा धूर दिसायचा. आज गुऱ्हाळं एका हातावर मोजण्याइतकी राहिलीत. कारण परत तेच, माणसं. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, मिळत नाही. काहील (रस उकळायची मोठी कढई) उतरायची कधी हे गुळव्याला पाकाच्या रंगावरनं कळतं, ते काम शिकायला वर्षं जातात आणि नवीन पोरगं शिकायला तयार नाही. आता आमच्याकडं काम करणारे बहुतेक उत्तर प्रदेशचे.

दुसरं कारण भेसळ. साखर स्वस्त झाली की गुळात साखर मिसळतात, रंग पिवळा यावा म्हणून हायड्रॉस हे रसायन मारतात, बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकतात. २०१४ ला जीआय मिळालं, पण सौद्यात अजून रंग बघून भाव. भेंडीचं पाणी घालून केलेला खरा गूळ जरा काळपट, त्याला सौद्यात कमी. म्हणून मी गेली काही वर्षं सौद्याला जातच नाही, अर्धा किलो, एक किलोच्या वड्या करून थेट गिऱ्हाइकाला देतो. माल कमी जातो पण टिकून आहे. को ९२००५ ही उसाची जात गुळाला चांगली. कुणाला छोटं गुऱ्हाळ घालायचं असेल तर या बघायला, मी सगळं दाखवीन, मला यात लपवायचं काही नाही.

हिंजवडीकर (मूळ राधानगरी)

सगळं वाचलं. माझ्या डोक्यात सोपं उत्तर होतं ते राहिलं नाही. एकच विचारतो, आमची तीन एकर आहे, वडिलांना झेपत नाही, मी येऊ शकत नाही. फाळ्यानं (खंडानं) द्यायला वडील घाबरतात, कसणारा कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल म्हणून. तुमच्याकडं काय करतात?

शेतीअण्णा

ही भीती गावोगाव आहे. त्यामुळं तोंडी अकरा महिन्यांवर देतात आणि मग करणारा माणूस त्या रानात ना शेणखत घालतो ना बांध दुरुस्त करतो, कारण पुढच्या साली आपल्याकडं असेल का माहीत नाही. ज्याच्या नावावर जमीन तो शहरात, जो कसतो त्याच्या नावावर काही नाही, त्यामुळं पीककर्ज नाही, पूर आला तर मदत सातबारावाल्याच्या खात्यावर. तुझ्यासारख्याला माझा सल्ला, वकिलाकडनं रीतसर करार लिहून घे, दर हंगामाला पीकपाहणी नीट नोंदवून घे, आणि कसणाऱ्याला निदान तीन वर्षांचा शब्द दे. आणि पुराची मदत आली तर निम्मी त्याला देईन असं आधीच बोल.

बांधावरचा (करवीर)

मंडळी, इतकं मनापासनं लिहिलंत, आभार. मी आणि आमच्या बांधाला लागून असलेले चार जण काल बसलो होतो. माळाकडचे पाचही तुकडे मिळून पावणेचार एकर होतात. पुढच्या लावणीला सगळ्यांच्या सऱ्या एकाच दिशेला, पाच फुटी, एकाच जातीच्या, एकाच आठवड्यात, म्हणजे मशीन एका टोकाकडनं शिरलं की सरळ निघेल, असं ठरवतोय. मध्ये मोकळी जागा राहते तर सुरुवातीला भुईमूग नाहीतर हरभरा घेता येईल. फक्त कागलच्या ताईंनी वाढ्याचं लिहिल्यावर घरात बायकोनं तोच मुद्दा धरला, म्हशींचं काय. म्हणून विचारतोय, पाचांतला एक तुकडा हातानं तोडायला ठेवला तर टोळी एवढ्याशा रानाला येईल का?

डबल ट्रॉली

एकट्याला न्हाई येणार, खरं सांगतो. पण नदीकडच्या तुमच्या तुकड्यांत तसंबी मशीन जाणार न्हाई, ते सगळे एकत्र एकाच तारखेला नोंदवा, म्हणजे टोळीला दोन-तीन दिवसाचं सलग काम मिळतंय, मग येती. नोंद करताना चिटबॉयला (कारखान्याचा ऊस नोंदवणारा माणूस) सगळ्यांचे गट नंबर एका कागदावर द्या. आणि खुशालीचं आधीच पाचांनी मिळून एक ठरवा, एकानं जास्त दिली की बाकीच्यांची अडचण.

कागलची लेक

आणि वाढं पाच घरांत वाटून घ्यायचं ते बायकांना बसून ठरवू द्या, कुणाच्या गोठ्यात किती जनावरं ते आम्हाला माहीत असतं. दुधाच्या म्हशीला आधी, भाकडीला नंतर. हरभऱ्यापेक्षा भुईमूग घ्या, पाला वैरणीला होतो.